भिंतीवरचं हिवर

कचरू पेंटरला झाड काढल्याशिवाय बोर्ड पुरा झाल्यासारखा वाटत नसे. ही त्याची खोड होती आणि गिऱ्हाइकांची डोकेदुखी. किराणा दुकान असो, पिठाची गिरणी असो की दाताचा दवाखाना, अक्षरं झाली की हा पठ्ठ्या उजव्या कोपऱ्यात एक झाड काढून मोकळा. दाताचा आणि झाडाचा संबंध काय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "दातन करा लागते ना साहेब" म्हणून त्यानं वेळ मारून नेली. एके काळी अमडापूरच्या बाजारातले निम्मे बोर्ड त्याच्या हातचे होते, म्हणजे निम्म्या बाजारावर कचरूचं झाड उगवलेलं होतं. झाड मात्र एकच. पांढुरक्या सालीचं, कमरेएवढ्या उंचीवर दोन खोडांत फाटलेलं, जरासं डावीकडे कललेलं हिवर. आंबा काढ म्हटलं तरी तो हिवरच काढायचा आणि त्याला आंबे लावून द्यायचा.

मग फ्लेक्सची मशीन आली आणि त्याच्या पोटावर पाय आला. मशीनला कुठलीही खोड नव्हती. सकाळी सांगा, दुपारी दहा फुटांचा बोर्ड तयार, वर मालकाचा हसरा फोटो. लोकांना आपला फोटो पाहायला फार आवडतो, त्यापुढे झाडाची काय मातब्बरी. बाजारातले कचरूचे बोर्ड एकेक करून उतरले. काही भंगारात गेले, काही गोठ्यांवर उलटेसुलटे ठोकले गेले. त्याच्या स्वतःच्या गावात, अमडापूरपासून थोडं आत, एका गोठ्याच्या भिंतीला 'मोफत तपासणी' अशी त्याची सुबक लाल अक्षरं होती आणि खाली म्हैस बांधलेली असे. लोक हसत. कचरूही हसायचा, पण घरी येऊन बायकोवर विनाकारण खेकसायचा.

हे हिवर आलं कुठून, ते गावातल्या म्हाताऱ्या बायांना पक्कं ठाऊक होतं. कचरूच्या आधीची त्याच्या आईची, रुखमाबाईची, दोन लेकरं गेली होती. तिसरं जगावं म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव ठेवलं कचरू. अशा नकोशा नावाच्या पोराकडे मरण फिरकत नाही अशी समजूत. रुखमाबाई गुलाबराव पाटलांच्या वावरात तण निंदायला जायची. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते हिवर होतं. हिवराला काटे भारी, सावली म्हणाल तर चाळणीतून गाळल्यासारखी. पण आसपास दुसरं झाड नव्हतं. मजूर बायांनी त्याची एक आडवी फांदी विळ्याने तासून बिनकाट्याची करून घेतली होती. तिला लुगड्याच्या झोळ्या बांधायच्या, झोळीत लेकरू टाकायचं आणि निंदणाच्या ओळीला लागायचं. ओळ धुऱ्याला टेकली की आईने लेकराला पाजायचं, मग पुन्हा दुसरी ओळ. लेकरू मध्येच रडलं तर रडायचं. कचरूने डोळे उघडून जगात जे पहिलं नीट पाहिलं असेल, ते त्या फांदीचं पोट. रुखमाबाई गेली. नंतर ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून गुलाबरावांनी हिवरही तोडलं. कचरू बुंधा पाहून परत आला. धुरा त्यांचा, झाड त्यांचं, बोलणार कोणत्या तोंडाने.

तर असा हा माणूस साठी ओलांडून बसला होता. वर्षातून कधी शाळेच्या भिंतीवर सुविचार, कधी कुणाच्या पाण्याच्या टाकीवर नाव, एवढंच काम. आणि त्यात वस्तीने विहार बांधला.

जुना विहार टिनाचा होता. नव्याला स्लॅब, फरशी, आत बुद्धाची संगमरवरी मूर्ती. समितीचा सचिव होता कचरूचाच मुलगा धम्मरत्न, चिखलीला हायस्कूलवर मास्तर. हुशार, सरळ, कामाला वाघ. गवंड्याच्या पुढे उभं राहून त्याने एकेक वीट लावून घेतली होती. रंगाचं काम आलं तसा तो बापाकडे आला.

"बाबा, मूर्तीमागची भिंत तुमी रंगवा. बोधिवृक्ष पाहिजे. पिंपळ. अक्षर एकही नको, फक्त झाड." आणि त्याने कॅलेंडरातलं एक चित्र पुढे ठेवलं.

अक्षरं नकोत, फक्त झाड, असं कचरूला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारा पोटचा पोरगा. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. अन्नपूर्णाने, त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता, आनंद होता. फ्लेक्स वाऱ्याने फाटतो, पत्र्याचा बोर्ड भंगारात जातो, पण विहाराच्या भिंतीला कोण हात लावणार? आपण मेल्यावर आपल्या हातचं एक झाड गावात उभं राहील. त्याला दुसरं काही नको होतं.

भिंतीपुढे चादरी बांधून तो कामाला लागला. कॅलेंडरातला पिंपळ त्याने खडूने काढला. खोड जाड, घड्या पडलेलं, अगदी बरोबर. पण लांबून पाहिलं तर ते पोस्टर वाटत होतं. पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा मेलेलं. मग चिडून हात सैल सोडला आणि कमरेएवढ्या उंचीवर खोड दोन ठिकाणी फाटलं, डावीकडे कललं, एक फांदी आडवी झाली. कचरू फळीवरून खाली उतरला, मागे गेला, आणि त्याला हुंदकाच फुटला. भिंतीवर हिवर उभं होतं.

पुसता आलं असतं. खडूच तो. पण त्याने पुसलं नाही. खोड हेच ठेवू आणि पानं पिंपळाची देऊ, खोडाकडे कोण पाहते, अशी त्याने मनाची समजूत घातली. चूक म्हणा, लबाडी म्हणा. आंबे लावलेलं हिवर खपवणाऱ्याला पिंपळपानं लावलेलं हिवर खपेल असं वाटणारच. मग त्याने साल रंगवली, पांढुरकी, मधूनच पिवळट. पानं रंगवली, टोकाला लांब शेपटीची, पानन् पान वेगळं. आणि आडव्या फांदीवर, झोळीच्या दोऱ्या घासून घासून जिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथे दोन चकचकीत वळ काढले. झोळी काढली नाही. तेवढी अक्कल त्याने राखली.

चादरी काढल्या त्या दिवशी बाया फरशी धुवायला आल्या होत्या. सगळ्यांनी वा वा केलं. झुंबरबाई मात्र खराटा टाकून पुढे गेली. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई ती, रुखमाबाईच्या ओळीला ओळ लावून निंदलेली, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन करून आलेली. तिने फांदीवरच्या वळांवरून बोट फिरवलं.

"कचरू, हे पिंपळ नाही बाप्पा. हे आपलं हिवर हाये. गुलाबरावाच्या धुऱ्यावरलं."

"मामी, रंग ओला हाये," कचरू म्हणाला.

"अथी तुयी झोळी, अन् अथी माह्या पोराची, जीवनची." झुंबरबाई खाली बसली. "एक डाव सापसुरळी चढली होती या फांदीवर. मी विळा घेऊन धावली, अन् तुयी माय म्हणे, झुंबर, ओळ सोडू नको, पाटलीण पाहून राह्यली."

मग बायांना बोलतं करावं लागलं नाही. खराटे पडले ते पडलेच. कुणाचं लेकरू कोणत्या वळाला होतं, कुणाचं झोळीतच तापाने गेलं, कुणाला ओळ पुरी होईपर्यंत कळलंसुद्धा नाही. कधी हसत होत्या, कधी डोळ्याला पदर लावत होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी बाया आल्या. ज्यांना विहारात वंदनेच्या पुढे काही येत नव्हतं, त्या त्या भिंतीसमोर तास तास बसू लागल्या. कचरू बाहेर पायरीवर बसून ऐकायचा. चार दिवस तो माणूस इतका सुखात होता की अन्नपूर्णालाच भीती वाटली.

माणसाने आपलं काम कुणी ओळखावं म्हणून जन्मभर झुरावं, आणि ओळखलं म्हणूनच त्याचं वाटोळं व्हावं, हे कचरूच्याच नशिबी होतं. बायांनी ओळखलं नसतं, तर ते झाड आजही तिथे असतं.

रविवारी धम्मरत्न आला. भिंत पाहून थबकला. "बाबा, भारी झालं," म्हणाला, आणि ते मनापासून होतं. त्याने फोटो काढून चार ठिकाणी पाठवले. तेवढ्यात झुंबरबाईने त्यालाही फांदी दाखवली, तुया बाप अथी लोंबे म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला आणि त्याने मोबाइल खिशात टाकला. गोष्ट तिथेही थांबली असती.

पण विहाराला पंखा देणगी द्यायला गुलाबराव आले. गुलाबराव वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं, कारण वाईट असता तर सोपं झालं असतं. चपला बाहेर काढल्या, मूर्तीपुढे हात जोडले, आणि मान वर केली तर समोर हिवर. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"कचरू, हे तं आमचं झाड हाये बे."

"हाव भाऊ," कचरू म्हणाला.

"पाहा ना, आमचं झाड तुमच्या देवापाशी." त्यांनी कचरूच्या खांद्यावर हात टाकला. विहारात समितीची माणसं होती, पोरं होती, पंखा बसवायला आलेला वायरमन होता.

"बुद्ध देव नाही, काका," धम्मरत्न शांतपणे म्हणाला.

"तेच ते रे. आमची आई याले अथीच भाकर टाके. पाणी वरून ओते, पण कधी उपाशी नाही ठेवलं. मोठी माउली होती." गुलाबराव हसले. "तुमी लोकांनी याद ठेवली, बरं वाटलं."

भाकर टाके हे शब्द गुलाबरावांच्या तोंडून मायेनेच आले होते, म्हणून त्यांना उत्तरही देता येईना. वायरमन शिडीवर उभा राहून उगाच वायर सोलत होता. धम्मरत्न बाहेर निघून गेला.

घरी त्याने बापाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं होतं.

"बाबा, धुऱ्यावरून उठून उभं राह्यलो म्हणून आपण हा विहार बांधला. तुमी आपल्याले पुन्हा धुऱ्यावर नेऊन बसवलं."

"तसं नाही रे बापू. ते माह्यं झाड हाये."

"कुठून तुमचं? धुरा त्याचा. झाड त्याचं. तोडलं त्यानं. आयुष्यात पहिल्यांदा भिंत आपली हाये, तं तिच्यावरबी तो येऊन म्हणते, आमचं झाड. अन् तुमी म्हणता, हाव भाऊ."

ते हाव भाऊ कचरूला सपकन लागलं. तोंडातून निघताना त्याला जाणवलंसुद्धा नव्हतं. "तोडलं त्यानं," तो म्हणाला, "पण काढलं मी."

"पोर्णिमेले उद्घाटन हाये, बाहेरगावचे लोक येतीन. भंतेजी येतीन. पोट्टे विचारतीन, हे कोणतं झाड? काय सांगू? इथं माह्या बापाले वरून पाणी ओतत होते?"

"सांग ना. खोटं हाये का?"

"खरं हाये म्हणूनच नाही सांगायचं," धम्मरत्न म्हणाला. "समितीचं ठरलं. भिंत पांढरी करून फ्लेक्स लावतो. बोधिवृक्षाचा. ऑर्डर देली मी."

कचरूने पोराकडे पाहिलं. ज्या मशीनने बापाच्या हातातला ब्रश काढून घेतला, त्या मशीनला पोरगा ऑर्डर देऊन आला होता. त्याच्या फीसाठी कचरूने उन्हातान्हात शिड्यांवर उभं राहून बाजारभर अक्षरं काढली होती, त्यातलं एकही अक्षर पोराला आज आठवत नव्हतं. कचरूला भयंकर राग आला. आणि त्याच रागात त्याला हेही दिसत होतं की पोराचं सगळंच काही चुकत नाही. आमचं झाड, असं गुलाबराव म्हणाले तेव्हा त्यालाही ते बोचलं होतंच. फक्त त्याने ते गिळलं, पोराने गिळलं नाही. त्याने पोराला शिकवलंच होतं गिळू नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाया घरी होत्या तेव्हा, कचरू पांढऱ्या रंगाची बादली घेऊन विहारात गेला. फळी लावली आणि सुरुवात केली. पांढुरकं खोड पहिल्याच हातात गेलं, पांढऱ्यात पांढरं मिसळायला कितीसा वेळ. आडवी फांदी गेली. पण पिंपळाची हिरवी पानं काही केल्या जाईनात. दुसरा हात दिला, तरी आतून हिरवी झाक वर येई. म्हणजे जे त्याचं होतं ते लगेच नाहीसं झालं, आणि जे लोकांसाठी वरून लावलं होतं ते हटत नव्हतं. कचरूला हसू आलं, फार वाईट हसू.

धम्मरत्न दोन माणसं आणि फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आला, तर बाप तिसरा हात देत होता.

"बाबा, तुमी काऊन? ही माणसं आणली ना मी. उतरा खाली."

"दुसऱ्याच्या हाताले सफाई नाही," कचरू वळून न पाहता म्हणाला. "डाग राहीन."

धम्मरत्न खाली फरशीवर बसून राहिला. पोरगा रडत होता की काय, कचरूने पाहिलं नाही. पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

पौर्णिमेला विहार माणसांनी भरून गेला. फ्लेक्सवर हिरवागार पिंपळ होता, मागे सूर्याची किरणं, सगळं झकास. पाहुण्यांनी व्यवस्थेचं कौतुक केलं, सचिवांचं केलं. गुलाबराव आले, हात जोडले, आणि इकडेतिकडे पाहू लागले. मागे बसलेल्या कचरूला शोधून त्यांनी विचारलं, "आमचं झाड कुठी गेलं बे?"

"तोडलं, भाऊ," कचरू म्हणाला.

गुलाबरावांना ते समजलं नाही, किंवा समजलं असेल. ते मान हलवून पुढे जाऊन बसले.

झुंबरबाईला मात्र कुणीतरी सांगितलं होतं की पांढरा रंग कचरूने स्वतःच दिला. ती फ्लेक्ससमोर जरा वेळ उभी राहिली, वंदना केली, आणि जाताना कचरूसमोर थांबली. "माहा जीवन भरल्या जवानीत गेला, त्याले तीस वर्सं झाली," ती म्हणाली. "चार दिवस तो तथी होता. तू पुसलं त्याले." कचरूने तोंड उघडेपर्यंत ती निघून गेली. बाकीच्या बायाही त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. धम्मरत्नला कुणी काही म्हटलं नाही. तो शिकलेला होता, त्याने वस्तीचं नाव काढलं होतं, आणि शिवाय भिंतीला हात त्याने लावलाच नव्हता.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर अन्नपूर्णा कचरूपुढे चहा ठेवून तिथेच बसली.

"पोरगा पुसणार होता तं पुसू द्यायचं होतं. ठपका त्याच्यावर गेला असता. तुमी काऊन मधात गेले?"

कचरूने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "त्याच्या हातानं पुसल्या गेलं असतं, तं मी त्याले पोरगा म्हटलं नसतं. मले ते नव्हतं पाहिजे."

"मंग आता म्हणसान का?"

बाहेर धम्मरत्नने चिखलीला परत जायला गाडी सुरू केली होती. "येतो, बाबा," त्याने दारातून आवाज दिला, आणि उत्तराची वाट पाहत गाडी तशीच चालू ठेवून तो उभा राहिला. अन्नपूर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. कचरूने कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊ लागला.